घरात जागा नाही, असं लिहून देते

पत्राची कल्पना बेरिलचीच होती. सून जनीनने मागितलं नव्हतं, कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मागितलं नव्हतं. एका दुपारी चहा पिता पिता तिने आपणहोऊन सुचवलं, आणि सुचवताना तिला स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुकही वाटलं होतं.

बेरिल ॲपलयार्ड सदुसष्ट वर्षांची. सॉल्टबी बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं उभ्याने हॅडॉकचे काटे काढले. त्यातून तिला मिळालं काय, तर सुजलेले सांधे, जेमतेम पेन्शन आणि बंदरामागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एका बेडरूमचं भाड्याचं घर. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा, क्रेग. या क्रेगने मागच्या वर्षी ऑगस्टात, घरमालकाने त्यांचं राहतं घर विकायला काढलं नेमक्या त्याच महिन्यात, बायकोला सांगितलं की मी थोडे दिवस ॲबर्डीनला कामावर जातो. काम होतं की नाही ते त्यालाच ठाऊक. तिथे एक बाई होती, हे मात्र महिन्याभरात सगळ्यांना कळलं. घर खाली करायच्या दिवशी जनीन दोन मुली आणि सात पिशव्या घेऊन सासूच्या दारात उभी राहिली.

"बेरिल, दोन आठवडे," ती म्हणाली होती. "फार तर तीन."

त्याला आता चौदा महिने झाले होते.

बेडरूममधल्या मोठ्या पलंगावर जनीन, आठ वर्षांची टिली आणि अडीच वर्षांची नेल आडव्या झोपत. बेरिल बाहेरच्या सोफ्यावर. पहाटे साडेपाचला जनीन बेकरीत कामाला निघायची, तिचा रस्ता सोफ्याशेजारूनच. त्यामुळे बेरिलची झोप तिथेच संपायची. मग नेलचं दूध, टिलीची वेणी, शाळा, पाळणाघर. न्हाणीघरात कायम कुणाचे तरी कपडे वाळत असायचे आणि टबात प्लास्टिकची बदकं. काही वेळा बेरिल लायब्ररीत जाऊन नुसती बसायची, पुस्तक उघडून, एकही ओळ न वाचता. पण घरात तिने कधी कुरकुर केली नाही. आपल्या पोटचं पोर असं वागलं, तर निस्तरायचं आपणच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आपण कुरकुर करत नाही, याचा तिला आतून थोडा गर्वही होता.

कमी भाड्याच्या सरकारी घरांसाठी असलेल्या कौन्सिलच्या यादीत जनीनचं नाव होतं, पण फार खाली. डोक्यावर छप्पर आहे ना, मग थांबा, असा त्यांचा हिशोब. बेकरीतल्या एका बाईच्या बहिणीला चार महिन्यांत घर मिळालं होतं, कारण तिच्या आईने तिला घराबाहेर काढलं होतं.

"मग मीही तुला काढते," बेरिल म्हणाली.

"काय?"

"लिहून देते. घरात जागा नाही, अमुक तारखेनंतर ठेवू शकत नाही. मग त्यांना बघावंच लागेल तुमच्याकडे."

जनीन आधी हसली, मग तिने ड्रॉवरमधून कागद काढला. बेरिलने चष्मा लावला आणि मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं. "'महोदय, ही बाई मला डोळ्यांसमोर नको झाली आहे...'"

"अगं ए! इतकं नको. राक्षसीण वाटशील त्यांना."

"मग काय लिहू? 'सून लाखात एक आहे, तेवढी घेऊन जा'?"

"'ती माझी सगळी बिस्किटं खाते' हे लिही. ते तरी खरं आहे."

"ते लिहिलं तर मलाच जेलात टाकतील, इतके दिवस सोसलं म्हणून."

दोघी इतक्या हसल्या की आत झोपलेली नेल उठून रडायला लागली. शेवटी चार ओळींचं साधं पत्र तयार झालं. माझ्या घरात जागा नाही; अकरा नोव्हेंबरनंतर माझी सून जनीन आणि तिच्या दोन मुली यांना मी इथे ठेवू शकत नाही. खाली सही. टेबलाच्या टोकाला बसून टिली चित्र रंगवत होती. तिने मान तिरकी करून ते वाचलं.

"नॅन, हे खरं आहे?"

"नाही गं राणी. हे ऑफिससाठी आहे."

"म्हणजे खोटं?"

"म्हणजे कागदावरचं," बेरिल म्हणाली, आणि पाकीट चाटून बंद केलं.

पत्र पोचलं. जनीनची ऑफिसात दीड तास मुलाखत झाली, आणि मग सांगण्यात आलं की आमचा माणूस घरी येऊन सासूबाईंशी बोलेल. एकट्यांशीच, तुमच्यासमोर नाही. गुरुवारची वेळ ठरली. जनीन कामावर असणार होती, नेल पाळणाघरात. टिलीला नेमकं त्याच दिवशी घसा धरल्यामुळे शाळेत पाठवता आलं नाही. बेरिलने तिला पलंगावर पांघरुणात बसवलं, टॅबलेटवर कार्टून लावून दिलं आणि दार ओढून घेतलं.

आलेला माणूस पस्तिशीचा, भिजलेल्या जाकिटातला. नाव स्टुअर्ट पेल. सोफ्यावर बसताना त्याला कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली उशी आणि ब्लँकेट दिसलं. त्याने ते पाहिलं हे बेरिलनेही पाहिलं. चहा घेऊन त्याने फाइल उघडली, आणि बेरिलने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. जागा नाही, तब्येत बरी नसते, अकरा तारीख.

स्टुअर्टने ऐकून घेतलं आणि फाइल मिटली.

"मिसेस ॲपलयार्ड, मी तुम्हाला पकडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "अशी पत्रं माझ्याकडे आठवड्याला चार येतात. निम्मी लिहिणाऱ्याने रडत लिहिलेली असतात, निम्मी हसत. मी विचारत नाही तुमचं कुठलं."

बेरिलने कपातला चहा उगाच ढवळला.

"मी एक सुचवतो," तो म्हणाला. "आम्ही तुम्हाला बंक बेड देऊ, एक छोटा पलंगही. आतल्या खोलीत नीट बसतात, मी ऑफिसातल्या नकाशावरून माप काढून आलोय. तुमच्यासाठी या खोलीत चांगला झोपायचा सोफा. आणि घरात गर्दी आहे म्हणून जनीनचं नाव मी यादीत बरंच वर नेतो. जुन्या शाळेमागे बारा घरांची दुरुस्ती चालू आहे, ती उन्हाळ्यापर्यंत होतील. शब्द देत नाही, पण त्यातलं एक मिळायला हरकत नाही. तिचं काम इथलंच राहील, मुलीची शाळाही."

"किती दिवस?"

"सहा महिने. कदाचित आठ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर अकरा तारखेपासून त्यांची सोय करणं माझं काम. ती मी करेन. पण खरं सांगतो, आज सॉल्टबीत माझ्याकडे एकही खोली रिकामी नाही. ब्रॅकनहॅमला पाठवावं लागेल. दोन बस बदलून जावं लागतं. मला पाठवायचं नाहीये, म्हणून तर आलो."

या माणसाला 'हो' म्हणायचं, इतकंच करायचं होतं. यापेक्षा चांगलं काही पत्रातून निघेल असं दोघींपैकी कुणालाही वाटलं नव्हतं. बेरिल बोलायला तोंड उघडणार तोच तिच्या मनात सहा महिने उभे राहिले: डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, ओले कोट, न्हाणीघराच्या दारावर थाप, पहाटे साडेपाचचा दिवा, नेलची किरकिर. आणि मग, कदाचित, आठ.

"नाही," ती म्हणाली.

ती अजून काही बोलेल म्हणून स्टुअर्टने पुन्हा फाइल उघडली, आणि बेरिल बोलली.

"मला नाही होत. माझं वय झालंय. चौदा महिने मी पाय पसरून झोपलेली नाही. माझ्याच घरात मला लघवीला नंबर लावावा लागतो. ती माझी मुलगी नाही, माझ्या रक्ताची नाही. मुलाने टाकली म्हणून मी का गळ्यात बांधून घ्यायची? आणि ती धाकटी, दिवसभर नुसती पिरपिर. मला माझं घर परत पाहिजे. मला त्या इथे नकोत. कुणीच नको."

बोलायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटत होतं की आपण पत्रातलंच काम पुढे चालवतोय. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिला कळलं की हे पाठ केलेलं नाही. आणि थांबली तेव्हा घट्ट बूट काढून ठेवल्यासारखं हलकं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, तो हलकेपणा.

स्टुअर्टने लिहून घेतलं. "समजलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर बेरिल वळली, तर बेडरूमचं दार वीतभर उघडं होतं आणि टिली मोजे घालून दारात उभी होती.

"नॅन, मला पाणी हवं होतं," ती म्हणाली. "मिळेल का, प्लीज?"

आजवर या घरात टिलीने पाणी कधी मागून घेतलं नव्हतं. सिंकपाशी स्टूल ओढायची, नळ सोडायची, अर्धं पाणी फरशीवर सांडायची. बेरिलने पेला भरून दिला. टिलीने दोन्ही हातांनी घेतला, प्यायली, पेला धुऊन पालथा घातला आणि "थँक्यू" म्हणून आत गेली.

दोनच्या सुमाराला जनीन आली. अंगाला पावाचा वास, केसांत पीठ. दारातूनच तिने विचारलं, "काय म्हणाला?"

"काय म्हणणार? ठरलं होतं तेच बोलले मी."

"त्याने खोदून विचारलं असेल ना?"

"विचारलं थोडंफार."

"बाकी काही?"

"बाकी काही नाही," बेरिल म्हणाली.

जनीनने कोटसुद्धा काढला नाही. पुढे येऊन तिने बेरिलला घट्ट मिठी मारली. "मला माहितीय, तुला असलं बोलणं किती जड गेलं असेल. माझ्या आईने माझ्यासाठी एवढं केलं नसतं, बेरिल." बेरिलने तिच्या पाठीवर हात फिरवला. एका वाक्याने सगळं नीट झालं असतं. अजून वेळ होती. स्टुअर्टने लिहून दिलेला फोन नंबर टेबलावर पडला होता. तिने तो कागद उचलून घड्याळामागे खोचला.

पुढचे दहा दिवस टिली पाहुण्यासारखी वागली. टीव्ही लावू का, सोफ्यावर बसू का, बाथरूमला जाऊ का. तिने आपल्या चपला पलंगाखालून काढून पिशवीत भरल्या आणि लागतील तशा पिशवीतून काढून वापरायला लागली. "पोरगी किती शहाणी झाली बघ," जनीन म्हणाली. बेरिल सिंककडे वळली. एकदा तिने टिलीला एकटं गाठून, "त्या दिवशी मी जे बोलले ना..." अशी सुरुवात केली, पण टिलीने मोठ्या माणसासारखं "इट्स ओके, नॅन" म्हणून तिला तिथेच थांबवलं.

अकरा तारखेला सकाळी फोन आला. ब्रॅकनहॅम. जनीन फोन ठेवून खुर्चीवर बसली.

"तिथे कोण आहे माझं? बेकरी? टिलीची शाळा?" मग बेरिलकडे बघून, "त्याने तुला काही म्हटलं होतं का, बाहेर पाठवतील म्हणून?"

"नाही," बेरिल म्हणाली. हे तिसरं खोटं. पहिली दोन तिने मोजली होती.

दुपारी कौन्सिलची टॅक्सी आली. सात पिशव्यांच्या आता अकरा झाल्या होत्या. नेल बेरिलच्या मानेला बिलगून सुटेना, तिचे हात एक एक बोट करून सोडवावे लागले. टिलीने हात पुढे केला. बेरिलला आधी कळलंच नाही. मग कळलं की पोरगी शेकहॅण्ड करतेय.

"आम्हाला राहू दिलंस म्हणून थँक्यू," टिली म्हणाली.

त्या दिवशी बेरिलने बेडरूममधली चादर बदलली आणि स्वतःच्या पलंगावर आडवी झाली. वाटलं होतं, झोप लागणार नाही. पण ती सलग नऊ तास झोपली, एकदाही कूस न बदलता, आणि उठली तेव्हा अंग इतकं मोकळं होतं की तिला स्वतःची शरम वाटली. निदान झोप तरी उडायला हवी होती.

पंधरा दिवसांनी ती ब्रॅकनहॅमला गेली, टिनभर केक आणि नेलसाठी विणलेली टोपी घेऊन. जुन्या हॉटेलात कौन्सिलने कुटुंबं ठेवली होती. यांना तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. स्वयंपाकघर दोन मजले खाली, सहा घरांत मिळून एक, म्हणून जनीन खोलीतच मायक्रोवेव्हवर भागवत होती. शाळेत अजून जागा नव्हती. टिली दिवसभर खिडकीत बसून खालच्या गाड्या बघायची. नेलला खोकला झाला होता. जनीनने कागदी कपात चहा करून दिला, पलंगाच्या कडेवर जागा करून दिली आणि म्हणाली, "आधी जरा त्रास होणारच. पण तुझ्यामुळे निदान गाडी हलली तरी. तिथे अजून दहा वर्षं पडून राहिलो असतो."

बेरिलने केक कापला. सांगायचं म्हणूनच ती आली होती. नेलचा खोकला ऐकला आणि तिला सांगता आलं नाही.

सोमवारी ती कौन्सिलच्या ऑफिसात गेली. नंबर घेऊन पन्नास मिनिटं बसली. स्टुअर्ट पेलने तिला काचेच्या छोट्या खोलीत नेलं.

"मला माझं म्हणणं मागे घ्यायचंय," ती म्हणाली. "पत्र खोटं होतं. म्हणजे, पत्र खोटं होतं आणि नंतर जे बोलले ते खरं होतं. पण आता तेही नाही. तुम्ही ते बंक बेड द्या, मी त्यांना परत आणते."

स्टुअर्टने डोळे चोळले. "मिसेस ॲपलयार्ड, बसा आधी. आता ती परत तुमच्याकडे आली, तर तिची केस बंद होईल. राहायला जागा मिळाली, आमचं काम संपलं, असं होतं ते. आज ती ब्रॅकनहॅमच्या यादीत जिथे आहे ती जागा जाईल. इथली ती घरं तयार व्हायच्या आधीच कुणाकुणाच्या नावावर लागून गेली आहेत. पुन्हा पहिल्यापासून."

"मग मी काय करू?"

"काही करू नका."

"काहीच नाही?"

"तिच्यासाठी आता तेच चांगलं आहे." त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला त्यांना परत आणायचंय का? मनापासून?"

बेरिलला लगेच 'हो' म्हणायचं होतं. पण अडीच आठवड्यांची झोप तिच्या अंगात होती, आणि उत्तर यायला एक क्षण उशीर झाला. स्टुअर्टने मान खाली घालून कागद सारखे केले. तो क्षण आपल्याला दिसला नाही, असं दाखवणं त्याला जमलं. बेरिल छत्री उचलून बाहेर पडली.

ती चर्चला जाणारी बाई नव्हती आणि शेजाऱ्यांपाशी रडणारीही नव्हती. चार दिवस तिने घर घासून काढलं. पाचव्या दिवशी पुन्हा बस पकडली.

या वेळी ती जनीनला हॉटेलासमोरच्या बागेत घेऊन गेली. नेल झोपाळ्यात, टिली तिला झोके देत होती. बाकावर बसल्या बसल्या बेरिलने सगळं सांगून टाकलं: बंक बेड, यादी, जुन्या शाळेमागची घरं, सहा महिने, आणि 'नाही'. आपण काय काय बोललो तेही शब्दाला शब्द सांगितलं. रक्ताची नाही, तेही.

जनीनने झोपाळ्याकडे पाहिलं.

"बंक बेड," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी बेकरीत राहिले असते."

"हो."

"टिलीची शाळा सुटली नसती. आणि टिली..." ती एकदम वळली. "टिली घरात होती त्या दिवशी. तिने ऐकलं?"

"ऐकलं."

"तरी म्हटलं पोरगी प्लीज-थँक्यू का करत सुटलीय. मला वाटलं शहाणी झाली." जनीनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि मी तुला मिठी मारली, बेरिल. कोट न काढता."

बेरिलने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तू मला सांगायचं होतंस," जनीन म्हणाली. "नुसतं म्हणायचं होतंस, जनीन, मला आता होत नाही. मी काय दगड आहे? मला दिसत नव्हतं, तू लायब्ररीत कशाला जातेस ते? मी स्वतःहून गेले असते कुठेतरी. पण सांगून गेले असते. तू मला मूर्ख बनवलंस, आणि वर माझ्याकडून आभार घेतलेस. एकदा नाही, रोज."

"हो."

"हो हो काय करतेस? भांड तरी!"

"भांडायला माझ्याकडे काही नाही," बेरिल म्हणाली.

जनीन उठली. "बस किती वाजता आहे तुझी?"

"पाच दहाची आहे. आणि एक आत्ता, साडेतीनची."

"मग साडेतीनची पकड."

डिसेंबर गेला. बेरिलने ख्रिसमसचं पार्सल पाठवलं. पोचल्याचं कळलं नाही, परतही आलं नाही. रविवारी ती फोन करायची, जनीन उचलायची नाही. एकदा चुकून नेलने उचलला आणि दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू आला. बेरिलने तो कान लावून ऐकला. क्रेगचा ॲबर्डीनहून नाताळचा मेसेज आला, 'मुली कशा आहेत'. तिने त्याला उत्तर लिहिलं, 'जाऊन बघ', आणि मग पाठवायच्या आधी पुसून टाकलं. आपण कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तिला वाटलं. मग तिने तेच पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी जनीनचा मेसेज आला. 'घर मिळालं. ब्रॅकनहॅमलाच. दोन बेडरूम. शनिवारी सामान हलवतोय. खिडक्या फार घाण आहेत.'

बेरिलने तो सात वेळा वाचला. हे बोलावणं आहे की नुसती बातमी, हे काही केल्या ठरेना. शनिवारी सकाळच्या पहिल्या बसमध्ये ती बादली, जुने टॉवेल आणि व्हिनेगरची बाटली घेऊन चढली.

दार जनीनने उघडलं. केस वर बांधलेले, हातात स्क्रूड्रायव्हर.

"आलीस?"

"कुठल्या खिडक्या?"

"सगळ्याच."

दोघी दुपारपर्यंत कामाला लागल्या. बोलणं झालं ते बादली सरकव, ती काच राहिली, इतकंच. एकदा स्वयंपाकघरात दोघी एकाच वेळी वाकल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. जनीनला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"असणारच आहे. तू आलीस म्हणून संपला असं समजू नको."

"नाही समजत."

"जुन्या शाळेमागच्या त्या घरांपेक्षा हे लहान आहे," जनीन म्हणाली. "मी जाऊन बघून आले होते ती. बाहेरून." आणि ती पुन्हा कपाटाचं बिजागर बसवायला वळली.

वरच्या मजल्यावर टिली आपल्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकं लावत होती, उंचीप्रमाणे. बेरिल आत आली आणि खिडकीपाशी गेली. काच पुसून झाली तरी ती पुसतच राहिली. मागून टिलीने विचारलं, "नॅन, तू त्या माणसाला म्हणालीस ना, की आम्ही तुला नको आहोत. ते खरं होतं?"

बेरिलजवळ उत्तर तयार होतं. सोपं, मायेचं, आठ वर्षांच्या पोरीला पचेल असं. तिने फडकं बादलीत टाकलं आणि गुडघे दुखत असूनही खाली जमिनीवर बसली.

"खरं होतं," ती म्हणाली. "त्या वेळी मला खरंच तसं वाटलं. मी फार दमले होते आणि ते तुझ्या आईला सांगायचं सोडून एका परक्या माणसाला सांगितलं. तू ऐकलंस, याचं मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं."

टिलीने एक पुस्तक काढून दुसरीकडे ठेवलं. "किती वेळ वाटत होतं? नको म्हणून?"

"तो माणूस बसला होता तेवढा वेळ. आणि त्याआधी पण कधीकधी. सकाळी सकाळी."

"मला पण कधीकधी नेल नको वाटते," टिली म्हणाली. "पण मी कुणाला सांगितलं नाही."

"हं."

"आता वाटतं का तुला?"

"आता नाही. आता तुम्ही सगळ्या हव्या आहात."

टिलीने यावर विचार केला. ती जे म्हणाली त्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. "पण आता आम्ही तिकडे नाही येणार. माझी शाळा इथे आहे. माझी एक मैत्रीण पण आहे, प्रिशियस नावाची."

"माहितीय मला," बेरिल म्हणाली.

"तू ये इकडे. पण आईला विचारून ये."

"विचारून येईन."

खालून जनीनची हाक आली, चिप्स थंड होतायत म्हणून. टेबल अजून आलं नव्हतं. चौघी स्वयंपाकघराच्या फरशीवर कागद पसरून बसल्या. नेलने व्हिनेगर ओतताना अर्धी बाटली सांडली आणि बेरिल फडकं आणायला उठली, तर जनीन म्हणाली, "बस, मी पुसते."

तेव्हापासून बेरिल महिन्यातून दोन शनिवारी ब्रॅकनहॅमला जाते. आदल्या गुरुवारी मेसेज करून विचारते. जनीन बहुतेक वेळा 'ये' म्हणते. दोनदा 'या वेळी नको' म्हणाली, आणि बेरिल गेली नाही. रागाचं काय झालं ते जनीनने कधी सांगितलं नाही. बेरिलने विचारलं नाही.